वर्षालीबाईंचे पुठ्ठे

आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपाल वर्षाली भालेराव यांना एक खोड आहे. इंटरनेटवरची एखादी वेबसाइट बरी दिसली, की त्या आधी तिच्या तळाशी जाऊन फोन नंबर शोधतात आणि सरळ फोन लावतात. "नमस्कार, महाळुंग्याच्या वाचनालयातून बोलतेय. तुमच्या पानावरची ही माहिती कुणी लिहिलीय? आणि कधी?" पलीकडचा माणूस बहुतेक वेळा गांगरतो, कारण आजवर त्याला हे कुणी विचारलेलंच नसतं. कुणी नीट उत्तर देतं, कुणी साहेबांना विचारून सांगतो म्हणतं, कुणी फोनच ठेवून देतं. ज्यानं फोन ठेवला, तो बाईंच्या मनातून कायमचा उतरला.

मी हे सगळं पंख्याखालच्या खुर्चीतून ऐकत असतो. भोसरीतल्या एका कारखान्यात पत्रा दाबून कापणाऱ्या प्रेसचे साचे बनवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आता निवृत्त आहे. घरात सुनेला माझी अडचण होते आणि मला तिच्या मालिकांची, म्हणून सकाळी आंघोळ झाली की मी वाचनालयात हजर. तिथं बसून मी सगळ्या जगाला नावं ठेवतो, असं वर्षालीबाईंचं म्हणणं आहे. खरंच आहे ते. जगच तसं आहे, त्याला मी काय करू? इंटरनेटबद्दल तर माझं मत इतकं वाईट होतं, की नातवानं फोनवर तिथी दाखवली तरी मी भिंतीवरच्या कॅलेंडरात बघून खात्री करायचो.

वाचनालय म्हणजे काही भव्य प्रकरण नाही. खाली मोबाइलचं दुकान, वर आम्ही. खिडकीतून कंपन्यांच्या बस आणि कंटेनरची रांग दिसते. मोठा ट्रेलर गेला की कपाटांच्या काचा थरथरतात. वाचक म्हणाल तर पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली, शिफ्ट सुटल्यावर येणारे कंत्राटी कामगार, गावातली जुनी मंडळी आणि माझ्यासारखे घरातून हाकललेले. पुस्तकांसाठी अनुदान बेताचं. माणसाला जे हवं ते पुस्तकात मिळेलच असं नाही, आणि इंटरनेटवर मिळेल ते खरं असेलच असं नाही.

यावर वर्षालीबाईंनी काय केलं, तर पुठ्ठे केले. कंपन्यांतून निघालेली खोकी झाडलोट करणाऱ्या तानुबाई आणून देतात. बाई त्यांचे पुस्तकाच्या मापाचे तुकडे कापतात, कडेला कणा दुमडतात आणि त्यावर वेबसाइटचं नाव लिहितात. हे पुठ्ठे कपाटात त्या त्या विषयाच्या पुस्तकांशेजारी उभे असतात. मधुमेहाच्या पुस्तकाला खेटून मधुमेहाच्या वेबसाइटचा पुठ्ठा. पुढच्या बाजूला तो काळा-पांढरा चौकोन, ज्यावर फोन धरला की पान उघडतं. त्याखाली आत काय आहे, कुणाला उपयोगी आहे, बाईंनी कधी तपासलं. आणि सगळ्यात खाली लाल शाईत त्या वेबसाइटचं वाईट काय ते: "जाहिराती फार आहेत. हिरवं बटण दाबू नका." एका पुठ्ठ्यावर मी असंही वाचलं, "पोलीस भरतीची सराव परीक्षा. मी स्वतः दिली, नापास झाले. पण उत्तरं बरोबर आहेत."

मी एकदा विचारलं, "बाई, एवढा खटाटोप कशाला? संगणकात यादी करून ठेवा की."

"काका, ती यादी मग मीच वाचणार," त्या म्हणाल्या. "माणूस कपाटाशी येतो ना? मग त्याला जे हवं ते कपाटातच दिसलं पाहिजे."

तपासायची त्यांची रीतही अशीच. ऑफिसातल्या संगणकावर त्या काही तपासत नाहीत, तिथं सगळंच उघडतं म्हणे. त्यांच्याकडे काच तडकलेला एक जुना फोन आहे, तो घेऊन त्या जिन्यात जाऊन बसतात, कारण जिन्यात रेंज कमी असते. आपल्या वाचकाच्या हातात असाच फोन आणि अशीच रेंज असते, तेव्हा इथं उघडलं तर खरं. मग बघायचं की कुणी लिहिलंय, कधी लिहिलंय, आणि बदल्यात हा काय मागतोय. नोकरी देतो म्हणणाऱ्या एका वेबसाइटवाल्यानं फोनवर आधी पैसे भरा असं सांगितलं, तेव्हा बाईंनी त्याला इतकं झापलं की खालचा मोबाइल दुकानदार वर बघायला आला.

हा तडकलेला फोन त्यांच्या वडिलांचा. भीमराजअण्णा पिंपरीतल्या एका कंपनीत होते. लेकीला वाचनाची गोडी त्यांनीच लावली. निवृत्तीनंतर त्यांना कुणीतरी साखर पळवून लावणाऱ्या काढ्याचा व्हिडिओ पाठवला. अण्णांनी गोळ्या बंद केल्या, काढा सुरू केला, आणि चक्कर येऊन पडले ते थेट पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात. वाचले. आता पुनावळ्यात लेकीकडेच असतात. पण घरात ग्रंथपाल असून बापानं तिला विचारलं नाही, ही गोष्ट वर्षालीबाईंच्या जिव्हारी लागली. लोक आपल्याला विचारत नाहीत, कारण विचारावं असं आपण काही ठेवलेलंच नाही, असं त्यांनी मनाला लावून घेतलं. पुठ्ठे त्यानंतरचे.

आणि त्यांची शेवटची कसोटी म्हणजे ज्याला द्यायचं त्याला ते लागू पडतंय का. नजर अधू झालेल्या वॉचमनला त्यांनी ऐकायची पुस्तकं शोधून दिली, बाळंतपणाला माहेरी न जाता आलेल्या पोरीला मराठीतून बोलणाऱ्या डॉक्टरणीचे व्हिडिओ दिले. माणसाकडे नीट बघायचं, मग निवडायचं. हे त्यांना फार छान जमायचं आणि त्याचा त्यांना थोडा अभिमानही होता. ठेच लागली ती नेमकी इथं.

उन्हाळा सुरू झाला होता. पहिली शिफ्ट सुटायच्या सुमारास कंपनीचा गणवेश घातलेला एक तरुण जिना चढून आला आणि कपाटांसमोर उभा राहिला. डावा हात खिशात. मी जन्मभर प्रेसचे साचे केलेत, त्यामुळे असा खिशातला हात दिसला की मी दुसरीकडे बघतो. बघण्यासारखं काय असतं ते मला माहीत आहे.

"मॅडम," तो म्हणाला, "लेकराशी बोलायचं कसं, याचं काही पुस्तक हाय का?"

बाईंनी त्याला बसवलं. नाव समाधान, मूळ हिंगोलीकडचा, प्रेसशॉपमध्ये कामाला. मुलगी दिव्या, तिला पाचवं लागलेलं, आणि तिला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. कानाला मशीन लावून बघितलं होतं, पण त्याचा उपयोग फारसा झाला नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, खुणांची भाषा शिका, तिला कर्णबधिर मुलांच्या शाळेत घाला. पिंपरीच्या बाजूला शाळा मिळाली होती, जूनपासून जायचं होतं.

"तिची आई, पूनम, दिवसभर तिच्यासंगं असती. त्या दोघींचं चालतंय काहीतरी हातवारे करून," समाधान सांगत होता. "माझी शिफ्टची ड्युटी. ती माझ्याजवळ येती, तोंडाकडं बघती. मी काय बोलायलो ते तिला कळंना, अन् ती काय म्हणायली ते मला. मग निघून जाती. मॅडम, रोज थोडी लवकर निघून जाती."

माझ्या हातातला पेपर तसाच राहिला.

"म्हणून म्हणलं, शाळा सुरू व्हायच्या आधी मला तिच्याशी बोलता आलं पायजे. नंतर ती तिकडलीच होऊन जाईल. तिला बाप हाय का न्हाई तेबी ध्यानात राहणार न्हाई."

वर्षालीबाई हळूच म्हणाल्या, "समाधानभाऊ, तो हात दाखवता?"

त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि हात बाहेर काढला. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट होतं. पुढची तीन मुळापासून गेलेली. बाईंचं बघून झालं न झालं तोच हात परत खिशात गेला.

त्यानंतर बाईंचा मुक्काम जिन्यातच. खुणांच्या भाषेचे आपल्याकडचे व्हिडिओ त्यांना सापडले होते, सरकारी होते, विश्वासाचे होते. पण खूण करणारी माणसं भराभर हात चालवायची आणि निम्म्या खुणांना दोन्ही हात लागायचे. बाई व्हिडिओ बघायच्या आणि त्यांच्या डोळ्यांसमोर समाधानचा हात यायचा. या माणसाला हे दाखवलं तर तो पहिल्याच दिवशी उठून जाईल, असं त्यांना वाटलं. मग शोधता शोधता त्यांना परदेशातल्या एका विद्यापीठानं आईबापांसाठी केलेली वेबसाइट सापडली. एका वेळी एकच खूण, सावकाश, जाहिरात नाही, पैसे नाहीत, जिन्यातसुद्धा उघडत होती. आणि लहान मुलांशी बोलायच्या कितीतरी खुणा एका हाताच्या. फोन करणं परवडणारं नव्हतं म्हणून बाईंनी ईमेल लिहिलं, तर तिथल्या एका बाईंनी मोठ्या आपुलकीनं उत्तरही पाठवलं. आणखी काय हवं? पुठ्ठा तयार झाला. इंग्रजी शब्दांना बाईंनी मराठी शब्द लिहून दिले.

खुणा जगभर सारख्याच असतात, असं त्या धरून चालल्या होत्या. मीही. तानुबाईही. "हातानं बोलायचं त्यात कसला देश आलाय वं?" असं त्या म्हणाल्या होत्या आणि आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. प्रत्येक पुस्तकाची भाषा कोणती ते नोंदवणारी बाई, पण त्या पुठ्ठ्यावर भाषेचं नाव लिहायचं तिच्याही मनात आलं नाही.

समाधान शिकला मात्र झपाट्यानं. प्रेसशॉपमध्ये कान फाटेल एवढा आवाज, तिथं माणसं हातांनीच बोलतात: थांब, साचा बदल, चहा आला. त्यामुळे त्याच्या हाताला सवय होती. शिफ्ट सुटली की तो यायचा, पूनम दिव्याला घेऊन यायची आणि बालविभागातल्या बुटक्या टेबलाशी तिघं बसायची. पप्पा म्हणजे पंजा उघडून अंगठा कपाळाला लावायचा. आई म्हणजे तसाच अंगठा हनुवटीला. कुठे, झोप, पाणी, नको. दिव्या आधी नुसती बघायची. मग एक दिवस ती आईच्या हनुवटीला हात लावून हसली. त्यानंतर तिचे हात काही थांबेनात.

एकदा समाधान खाली चहा सांगायला निघाला होता. जिन्याच्या तोंडाशी दिव्या उभी राहिली आणि कपाळाला अंगठा लावून तिनं पंजा हलवला, पुन्हा हलवला. त्यानं सहज वळून बघितलं आणि तो पायरीवरच थांबला. तोवर त्या पोरीकडे बापाला हाक मारायला काही नव्हतंच.

"काका," चहा न सांगताच तो माझ्याकडे आला, "हाक मारली हो तिनं मला."

मी त्याला म्हटलं, बस, चहा मी सांगतो. वर्षालीबाई ऑफिसात जाऊन नाक शिंकरून आल्या आणि धुळीला नावं ठेवू लागल्या. असा आनंद त्या खोल्यांत मी तरी पहिल्यांदाच बघत होतो.

जून आला. दिव्या नवं दप्तर घेऊन शाळेला गेली.

पहिला आठवडा सरतो न सरतो तोच समाधान तिला घेऊन वाचनालयात आला. रजा काढून आला होता. पोरगी बालविभागात जाऊन खुर्चीवर बसली आणि तिनं दोन्ही हात मांड्यांखाली घातले.

"शाळेतल्या नेहा मॅडमनं बोलावलं होतं," तो सांगू लागला. "पहिल्या दिवशी ही खिडकीशी उभी राहून सारखं हे करायली." त्यानं अंगठा कपाळाला लावला. "सकाळपासून. तिथं कुणालाच कळंना. मॅडमलाबी न्हाई. पोरं बघायली, तसंच करून हसायली. लेकरंच ती, त्यांचं काय. मग ही खाली बसली अन् हात असे घातले. तवापासून काढंना. घरीबी न्हाई. मी पप्पा करून दाखवलं तर तोंड फिरवती."

"पण का नाही कळलं?" बाईंनी विचारलं, पण त्यांचा चेहरा आधीच उतरला होता.

"मॅडम म्हणल्या, ही खूण आपल्याकडली न्हाई. दुसऱ्या देशातली हाय. आपली भाषा येगळी हाय म्हणं."

समाधानच पुढं म्हणाला, "तुमी मनाला लावून घेऊ नका मॅडम. तुमी चांगलंच बघून दिलं होतं." तो चिडला असता तर बरं झालं असतं. चिडलेल्या माणसाला उत्तर देता येतं.

बाई कपाटाशी गेल्या, तो पुठ्ठा काढला आणि टेबलावर ठेवून लाल शाईत लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर त्यांनी तो दाराशी सगळ्यांना दिसेल असा टांगला. "ही वेबसाइट चांगली आहे, पण ही भाषा आपल्या मुलांची नाही. मी विचारपूस न करता दिली. कुणी इथून शिकलं असेल तर मला भेटा. वर्षाली भालेराव." संध्याकाळी समितीचे अध्यक्ष आले, ते म्हणाले, "अहो, काढून टाका, वाचनालयाचं हसं होईल." बाईंनी तो काढला नाही.

ते गेल्यावर मी माझ्या परीनं समजूत घालायला गेलो. "बाई, तुम्ही तरी किती बघणार? त्या माणसाच्या हाताचा विचार केलात, तोसुद्धा कुणी केला नसता."

"तेच तर चुकलं ना, काका," त्या म्हणाल्या. "मी त्यांचा हात बघितला आणि बघतच राहिले. बोलायचं होतं ते तिच्याशी. ती उद्या कुणाबरोबर बसणार, तिच्या वर्गातली मुलं कशी बोलतात, हे मी विचारलंच नाही. एवढ्या जणांना फोन करते मी. पिंपरीच्या शाळेला एक फोन करता आला नाही मला?" आणि त्या रडल्या. त्यांना रडताना मी बघितलं नव्हतं. मला त्यांची फार माया वाटली, पण आपल्याला असं बोलता कुठं येतं? मी पंखा मोठा केला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी रजा टाकली. पुनावळ्याहून स्कूटी काढायची ती महाळुंग्याऐवजी पिंपरीकडे. नेहा मॅडमच्या परवानगीनं त्या वर्गात मागं, इतर मुलांच्या आयांबरोबर बसल्या. बाप म्हणजे ओठावर बोट आणि अंगठा ठेवून मिशीला पीळ द्यायचा. आई म्हणजे नाकाला, चमकीच्या जागी बोट. दिव्याही त्याच वर्गात असायची, हात मांड्यांखाली घालून. ती बाईंकडे बघायचीसुद्धा नाही.

सुट्टीत बाईंनी नेहा मॅडमना जे विचारायचं होतं ते विचारलं. वडिलांना डाव्या हाताला दोनच बोटं आहेत, आणि तुमच्या निम्म्या खुणा दोन हातांच्या आहेत, मग कसं?

"मग काय झालं?" नेहा मॅडम म्हणाल्या. "आहे त्या बोटांनी बोलू द्या. घरात कुणी बोबडं बोलत असलं तर घरच्यांना कळतंच ना? तिला कळेल. फक्त भाषा तिची पाहिजे."

बाईंनी पुन्हा शोध घेतला, पण या वेळी रीत बदलली. शाळा सुटल्यावर त्या तडकलेला फोन घेऊन दिव्याशेजारी बसायच्या आणि आपल्याकडच्या खुणांच्या भाषेतले वेगवेगळे व्हिडिओ तिच्यापुढे लावायच्या. त्या व्हिडिओ बघायच्या नाहीत, पोरीचे डोळे बघायच्या. सूट घातलेला माणूस आला की दिव्या खिडकीबाहेर बघायची. रंगीत अक्षरं आली की जांभई. एका व्हिडिओत मात्र तिच्याहून थोडी मोठी, दोन वेण्यांची एक मुलगी होती. ती हातांनी आपलं घर दाखवायची, घरातली माणसं दाखवायची, गोठ्यातली शेळी दाखवायची. तो लागला आणि दिव्या पुढं झुकली. संपला तर तिनं बाईंच्या कोपराला डोक्यानं धक्का दिला. पुन्हा लावा. हात मात्र तिनं तेव्हाही काढले नाहीत.

बाईंनी मग तो व्हिडिओ करणाऱ्यांना फोन केला, नेहा मॅडमना दाखवला, जिन्यात बसून तपासला. "आधी तिनं निवडलं, मग मी तपासलं," त्या मला म्हणाल्या. "आजवर मी उलटं करत आले."

गुरुवार म्हणजे आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी. त्या गुरुवारी वाचनालय भरलं होतं. भरतीवाल्या मुली एका टेबलाला, दोघं-तिघं कामगार पेपरला, मी माझ्या खुर्चीत. समाधान, पूनम आणि दिव्या बुटक्या टेबलाशी आणि बाई फोन धरून समोर. समाधाननं मिशी राखायला घेतली होती, खूण करायला आधार पाहिजे म्हणाला. ती अजून धड उगवली नव्हती आणि भरतीवाल्या मुली त्याच्याकडे बघून हसू दाबत होत्या. उजव्या हातानं तो एकेक खूण करत होता. पप्पा. आई. दिव्या व्हिडिओतल्या मुलीकडे बघायची, मग बापाच्या हाताकडे, आणि मग आपल्या गुडघ्यांकडे.

मग घर आलं. घराची खूण सोपी आहे. दोन्ही हातांची बोटं टोकाला टोक लावून वर जुळवायची, उतरतं छप्पर करायचं. व्हिडिओतल्या मुलीनं केलं. समाधाननं उजवा पंजा तिरपा धरला आणि तिथंच थांबला. अर्धं छप्पर. दुसरा हात खिशात.

दिव्यानं त्या अर्ध्या छपराकडे बघितलं, मग त्याच्या खिशाकडे.

"चालेल, समाधानभाऊ," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "एका हातानंही चालेल."

समाधाननं नाही अशी मान हलवली. त्यानं आजूबाजूला एकदा बघितलं, आम्ही सगळे होतोच, आणि सगळ्यांसमोर हात बाहेर काढून उजव्या हाताला भिडवला. एक बोट बोटाला टेकलं. पुढं तीन बोटांच्या टोकांना टेकायला काही नव्हतं. छपराला हे एवढं भगदाड. मी नेहमी दुसरीकडे बघतो, या वेळी बघत राहिलो.

पोरगी बराच वेळ त्या भोकाकडे बघत होती. मग तिनं एक हात मांडीखालून काढला. घामानं ओला झाला होता, तो तिनं फ्रॉकला पुसला. आणि बापाच्या तुटक्या हातामागून आपला पंजा घालून, जिथं त्याची बोटं नव्हती तिथं तिनं आपली तीन चिमुकली बोटं वर केली. ती बापाच्या उजव्या हातापर्यंत पोचेनात. तिनं त्याचा हात दुसऱ्या हातानं ओढून खाली वाकवला आणि टोकाला टोक लावलं. छप्पर वाकडं झालं होतं, एका बाजूला पार खाली आलेलं, पण आता त्यात भोक नव्हतं.

पूनमनं पदर तोंडाला लावला. समाधान हलला नाही. हलला असता तर छप्पर मोडलं असतं.

मोडलं ते दिव्यानंच. तिनं हात काढून घेतला, खुर्चीवरून उतरली आणि बापासमोर उभी राहिली. आपल्या ओठावर तिनं मिशीला पीळ दिला. दोन्ही हात जुळवून घर केलं. मग दाराकडे बोट केलं. पप्पा, घर, चल. मला त्या भाषेतलं ओ की ठो कळत नाही, पण एवढं मलाही कळलं.

समाधाननं फोनकडे बोट दाखवलं. पंजा दाखवला. थांब, हा धडा होऊ दे.

तिनं जोरात मान हलवली, त्याचा पंजा खाली दाबला आणि पुन्हा घर केलं, या वेळी त्याच्या अगदी नाकासमोर. त्यानं पुन्हा पंजा दाखवला. तिनं पाय आपटला आणि हात इतक्या भराभर चालवले की व्हिडिओतली मुलगीसुद्धा मागं पडली असती. बाप-लेकीचं ते पहिलं भांडण. बाप गोंधळून बाईंकडे बघायला लागला, की मॅडम, आता काय करू?

वर्षालीबाईंनी फोन बंद करून पर्समध्ये टाकला.

"माझ्याकडे काय बघताय?" त्या म्हणाल्या. "ती बोलतेय तुमच्याशी. उत्तर द्या तिला."